अनुभव धागा: पैसेवाली टीम जिंकली तर तुम्हाला भारी वाटतं का?

धागाकर्ता, ठाणे

मी मुंबई इंडियन्सवाला, त्यामुळे दर सीझनला एक वाक्य ठरलेलं, "तुमचं काय बाबा, अंबानींचा पैसा". २०१३, १५, १७, १९, २० अशा पाच ट्रॉफ्या आणि पाचही वेळा बिल्डिंगमधल्या चेन्नईवाल्यांनी, ऑफिसातल्या आरसीबीवाल्यांनी हेच ऐकवलं. अरे पण लिलावात पर्स, म्हणजे प्लेयर घ्यायला ठरवून दिलेली रक्कम, सगळ्यांची सारखीच असते ना! २०२५ च्या मेगा ऑक्शनला दहाही टीमना १२० कोटी, मालक कितीही श्रीमंत असो, त्याच्या वर एक रुपया काढता येत नाही. हार्दिक पांड्याला २०१५ ला १० लाखात घेतला, बेस प्राइसला, म्हणजे बोली सुरू होते त्याच किमतीला. बाकीच्या टीम तिथेच टेबल लावून बसल्या होत्या की, मग त्यांचा हात का नाही वर गेला? बुमराह २०१३ ला आला तेव्हा गुजरातबाहेर त्याला कोण ओळखत होतं, आमचा तेव्हाचा कोच जॉन राइटने डोमेस्टिक टी-ट्वेंटीत बघितला आणि उचलला. माझं म्हणणं एवढंच, की महाग झालेला प्लेयर घेऊन जिंकलात तर ठीक आहे, पण तो महाग व्हायच्या आधी ओळखलात तर मानलं.

फक्त २०२४ ला हार्दिकला गुजरात टायटन्सकडून ट्रेड करून परत आणला तेव्हा मला बोलायला तोंड नव्हतं, कारण पगार पर्समधून गेला पण गुजरातला वरून किती दिले तो आकडा बाहेर आलाच नाही. वानखेडेवर आपल्याच कॅप्टनची हुर्यो आणि शेवटी दहावा नंबर.

तर लिहा. आयपीएलच पाहिजे असं नाही, कबड्डी, फुटबॉल, गावची टूर्नामेंट, काहीही चालेल. स्वतः बघितलेलं लिहा, यूट्यूबवरचं ज्ञान नको.

पणजीकर

२००८ ची फायनल, नेरूळचं डी. वाय. पाटील. तेव्हा नवी मुंबईत नोकरीला होतो म्हणून तिकीट काढलं, आणि खरं कारण म्हणजे राजस्थानकडून आमचा गोव्याचा स्वप्नील असनोडकर ओपनिंगला. त्या सीझनला एका बाजूला दक्षिण आफ्रिकेचा ग्रॅम स्मिथ (फायनलला तो नव्हता) आणि दुसऱ्या बाजूला आपला गोंयकार, ह्याच्यापेक्षा जास्त काय पाहिजे! राजस्थान त्या वर्षीची सगळ्यात स्वस्त फ्रँचायझी, ६ कोटी ७० लाख डॉलर, आणि मुंबई सगळ्यात महाग, ११ कोटी १९ लाख. लोक हसायचे शेन वॉर्नच्या टीमला, म्हातारा कॅप्टन, तोच कोच, बाकी पोरं कोण कुठली. शेवटच्या बॉलला चेन्नईला हरवलं आणि अख्खं स्टेडियम, ज्यात राजस्थानचे असे कितीसे असणार, पिसाटलं होतं.

पण एक सांगतो. डेम्पो, साळगावकर ह्या फुटबॉल टीम काय गरिबांच्या नव्हत्या, खाणवाल्यांच्या होत्या. डेम्पोने पाच वेळा देशाची लीग घेतली तेव्हा "पैशाने जिंकले" असं गोव्यात कुणाच्या तोंडून मी ऐकलं नाही. का, तर क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा, सगळे इथलेच. रँटी आणि बेटो बाहेरचे, पण तेही आमचेच झाले होते. मालक कुणी असो, पोरगा आपल्या वाड्यावरचा असला की पैसा दिसत नाही.

हिंजवडीहून

पुण्याच्या फॅनने काय लिहायचं ह्या धाग्यावर? २०१० ला पुण्याची फ्रँचायझी, पुणे वॉरियर्स, ३७ कोटी डॉलरला गेली, तेव्हाचा रेकॉर्ड. गहुंजेला नवं कोरं स्टेडियम. आणि टीम कायम तळाला, २०१३ नंतर टीमच गायब. कुणी पैशाने ट्रॉफी येते म्हणालं की मी फक्त वॉरियर्स म्हणतो.

मग २०१७ ची रायझिंग पुणे. स्टोक्स साडेचौदा कोटींचा, तो प्लेऑफच्या आधीच इंग्लंडला निघून गेला. फायनलपर्यंत नेलं कुणी, तर ३० लाखांच्या उनाडकटने २४ विकेट काढल्या आणि १० लाखांच्या राहुल त्रिपाठीने ओपनिंगला येऊन सगळ्यांना धुतलं. धागाकर्त्याची टीम १२९, आम्ही १२८. एक रन. त्या रात्री मला पर्सबिर्स काही आठवलं नाही, टीव्ही बंद करून गाडी काढली आणि उगाच देहूरोडपर्यंत जाऊन आलो.

धागाकर्ता, ठाणे

@हिंजवडीहून, त्या १२९ मध्ये शेवटपर्यंत उभा होता कृणाल पांड्या, तो मात्र आम्ही २ कोटीला घेतला होता 😄

आण्णा फ्रॉम गिरगाव

पर्स सारखी हे अर्धंच खरं आहे भाऊ. गावोगाव प्लेयर हुडकणाऱ्या स्काउट लोकांचा पगार पर्समध्ये धरतात का? मुंबई २०२२ मध्ये पोरांना इंग्लंडला घेऊन गेली प्रॅक्टिस मॅच खेळायला, ते पर्समध्ये आलं का? केपटाउन, एमिरेट्स, न्यूयॉर्क, जगभर टीम घेऊन ठेवल्यात, तिथे प्लेयर घडतात. तुम्ही ज्याला ओळखणं म्हणताय ना, ते ओळखायला पण पैसाच लागतो, फक्त तो लिलावाच्या हॉलमध्ये दिसत नाही. आणि नियमाचं म्हणाल तर धोनीला २०२५ साठी अनकॅप्ड, म्हणजे देशाकडून न खेळलेला, म्हणून ४ कोटीत ठेवला. वर्ल्ड कप जिंकलेला कॅप्टन अनकॅप्ड! नियमात बसतं, मान्य. पण मला हसू आलं ते आलंच.

जामठा एंड

तुमचं सगळं आयपीएलच चालू आहे भाऊ. विदर्भाने २०१७-१८ ला पहिल्यांदा रणजी जिंकली, इंदूरला दिल्लीला हरवून, गुरबानीची फायनलमध्ये हॅटट्रिक. इतकी वर्षं आमची टीम म्हणजे दुसऱ्यांना पॉइंट द्यायला ठेवलेली. आणि माझा दादरचा मित्र फोनवर काय म्हणतो, "वसीम जाफर आमचा, कोच चंदू पंडित आमचा, मग तुमचं काय जिंकलं?" म्हटलं बावा, बाहेरच्या राज्यातले प्लेयर प्रोफेशनल म्हणून घ्यायची मुभा सगळ्याच राज्यांना आहे, आणि तुमच्या ४१ ट्रॉफ्या आहेत तरी एवढी जळते?

पण ते वाक्य डोक्यात राहिलं. पुढच्या वर्षी नागपूरला जामठ्याच्या स्टेडियमवर फायनल बघायला गेलो, समोर सौराष्ट्र, पुजारा. आदित्य सरवटेने पुजाराला दोन्ही इनिंगमध्ये काढला, एकदा एकवर, एकदा शून्यावर. पोट्टा आमचा, पिच आमची, प्रोफेशनल दोन-तीन असतील पण ही विकेट कोणाच्या पैशाने नाही येत. शेजारी एक काका शाळेच्या पोरांची टीम घेऊन आले होते, ते सारखे म्हणत होते, बघा रे, ह्याच्यासारखा हात ठेवा.

आता गंमत ऐका. २०२४-२५ ची फायनल पुन्हा जामठ्याला, समोर केरळ, आणि केरळकडून प्रोफेशनल म्हणून कोण, तर तोच सरवटे! आमच्याकडून कर्नाटकचा करुण नायर, ८६ आणि १३५. म्हणजे आमचा पोट्टा आमच्याच विरुद्ध आणि त्यांचा शेजारी आमच्याकडून. मी टाळ्या दोघांसाठीही वाजवल्या, बाजूचे लोकं बघून राहिले होते.

पेठेतला

कोल्हापूर. शाहू स्टेडियम. इथं फुटबॉल म्हंजे पेठेची इज्जत, नोकरीधंदा नंतर. आधी टीममध्ये सगळी तालमीतलीच पोरं असायची, आता परदेशी खेळाडू आणत्यात, नायजेरियाचे वगैरे, सीझनचं पैसे, ऱ्हायाची सोय. समोरच्या तालमीनं आणला तवा आमची गॅलरी बोंबलायची की ह्यो काय फुटबॉल व्हय, भाड्यानं आणलेला गडी. मग आमच्या तालमीनं बी वर्गणी काढली आणि एक आणला. त्यानं डर्बीला, म्हंजे त्याच समोरच्या तालमीच्या मॅचला, गोल मारला आणि हीच गॅलरी त्याला खांद्यावर घिऊन नाचली. मी बी नाचलो, खोटं का बोलू.

मला खटकतंय ते वेगळंच. आमच्या गल्लीतलं एक पोरगं, फॉरवर्ड, चांगलं पाय होतं त्याचं. परदेशी आला आणि हे बाकावर गेलं. दोन सीझन बसलं, मग खेळायचंच सोडलं, आता गाडी चालवतंय. इथलाच अनिकेत जाधव १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडनं खेळला २०१७ ला, म्हंजे पोरांत दम हाय. पण ट्रॉफी ह्याच वर्षी पायजे म्हटल्यावर पोरगं घडायची वाट कोण बघतंय.

लालबाग-परळ

कबड्डीत हे भांडण जुनंच आहे म्हणून आमच्याकडे स्पर्धा लावतानाच दोन गट करतात, व्यावसायिक गट आणि स्थानिक गट. कंपन्यांच्या टीम एकीकडे, मंडळांच्या एकीकडे. कंपनीत नोकरीवर घेतलेला, रोज प्रॅक्टिसची वेळ मिळणारा पोरगा आणि दिवसभर डिलिव्हरी करून संध्याकाळी मैदानात येणारा पोरगा एका मॅटवर उभे करून निकाल कसला लावणार.

प्रो कबड्डी आली आणि पैसे वाढले, पोरांचं भलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण रेडर (चढाई करणारा) पवन सेहरावतचं बघा. तमिळ थलायवाजनी २ कोटी २६ लाखाला घेतला, पहिल्याच मॅचला गुडघा गेला, सीझन संपला, आणि तरी ती टीम सेमीफायनलला पोचली! पुढच्या सीझनला तेलुगू टायटन्सनी २ कोटी साडेसाठ लाखाला घेतला, तो खेळला, आणि टीम तळाला. त्याच वर्षी पुणेरी पलटण जिंकली. आता पलटणनेही इराणच्या शादलूला २ कोटी ३५ लाख मोजले होते, म्हणजे साधू नव्हते, पण कणा होता अस्लम इनामदार, मोहित गोयत ह्या त्यांनी वाढवलेल्या पोरांचा. एकट्या रेडरवर कबड्डी होत नाही, तो आउट झाला की त्याला परत आणायला दुसऱ्या रेडरने समोरचा कुणी आउट करावा लागतो, नाहीतर कव्हर-कॉर्नरला उभ्या बचाववाल्यांनी पकड करावी लागते. क्रिकेटवाल्यांना हे पटकन कळत नाही.

सान होजेची वहिनी

लेक इथे बेसबॉल खेळतो म्हणून आम्ही ओकलंड ए'ज ह्या इथल्या टीमच्या मॅच बघायला लागलो, तिकीट स्वस्त हे दुसरं कारण. बेसबॉलमध्ये टीमच्या पगाराला हार्ड कॅप, म्हणजे ओलांडताच येणार नाही अशी मर्यादाच नाही, ठरावीक रकमेच्या वर गेलात तर टॅक्स भरा, बस. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी ओहतानीला दहा वर्षांचे ७० कोटी डॉलर दिले, त्यातले ६८ कोटी नंतर द्यायचे, म्हणजे उधारीवर जगातला सगळ्यात भारी प्लेयर. २०२४ ला जिंकले, २०२५ ला पण. नवरा म्हणतो असा खेळ बघायला मिळतोय ते एंजॉय कर, आणि ओहतानी बॅटिंगला आला की मी पण हातातलं काम टाकून बघते.

पण राग डॉजर्सचा नाही येत मला, आमच्या मालकाचा येतो. ए'जनी २००२ मध्ये चिल्लर पगारात सलग २० मॅच जिंकल्या होत्या, त्याच टीमवर नंतर खर्चच करायचा नाही असं ठरवलं, चांगला प्लेयर झाला की विकला, लोक यायचे बंद झाले, मग लोक येत नाहीत म्हणून २०२४ नंतर टीम ओकलंडमधून हलवली. शेवटच्या मॅचला आम्ही गेलो होतो, स्टेडियम फुल्ल. जो खर्च करतो त्याला शिव्या आणि जो खिशात घालतो त्याला "गरीब बिचारी टीम", हे मला पटत नाही.

कृष्णाकाठ, सांगली

वहिनींना +१. आणि मी वेगळ्या बाजूने लिहिते. तुम्ही सगळे पैसा जास्त झाला म्हणून भांडताय, आमच्याकडे प्रश्नच उलटा होता. मी शाळेत असताना मुलांच्या टीमला किट, मुलींना मुलांचे जुने पॅड, ते गुडघ्याच्या वर यायचे, पळताना आपटायचे. आमच्या गावची स्मृती मानधना २०२३ च्या पहिल्या डब्ल्यूपीएल, म्हणजे मुलींच्या आयपीएलच्या ऑक्शनला ३ कोटी ४० लाखाला गेली, सगळ्यात महाग, तेव्हा आमच्या गल्लीत फटाके लागले आणि कुणीही "एवढे कशाला" असं म्हणालं नाही. मॅच फी मुलामुलींची सारखी झाली ती २०२२ ला. आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला, त्याच डी. वाय. पाटीलवर. खर्च केला की काय होतं ते दिसलं ना?

ई साला वाला

आरसीबीची १८ वर्षं. ह्या काळात आम्ही पैसे नुसते उधळले, किती महागडे प्लेयर आले आणि गेले, काही झालं नाही. २०२५ ला सहा रनने जिंकलो, कोहली रडला, मी रडलो. भारी होतं का? ज्यांना नाही वाटलं त्यांनी वाटून घेऊ नये.

संगमेश्वरी चाकरमानी

आमच्याकडे मे महिन्यात ओव्हरआर्म टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा. एका वर्षी शेजारच्या वाडीने मुंबईतला एक बिल्डर स्पॉन्सर धरला आणि डोंबिवलीहून तीन प्लेयर गाडी करून आणले, मॅचमागे पैसे, वर मटण. तिघांनी मिळून फायनल आठ ओव्हरच्या आत संपवली. ट्रॉफी घेताना त्या वाडीची स्वतःची पोरं मागे उभी, फोटोत पण आली नाहीत.

पुढच्या वर्षी कमिटीने बॅनरवरच छापलं, "ग्रामपंचायत मर्यादित, आधार कार्ड बंधनकारक". झालं न्याय्य? उलट झालं. आमचे निम्मे प्लेयर नालासोपारा, दिवा, विरारला राहणारे, आधारवर पत्ता तिकडचा. पिढ्यानपिढ्या गावात घर, गणपतीला, शिमग्याला हजर, आणि आम्हीच बाहेरचे! एकाने तर घरपट्टीची पावती आणून टेबलावर आपटली. मग रात्री देवळात बैठक, अकरा वाजेपर्यंत. शेवटी ठरलं की घरपट्टी ज्याच्या नावावर त्याच्या घरातला पोरगा चालेल. लगेच दुसरा प्रश्न, मामाच्या गावाला वाढलेला भाचा? चालेल. मग एक आजोबा म्हणाले, जावयाचं काय?

लालबाग-परळ

@संगमेश्वरी, जावयाचं काय ठरलं ते सांगा आधी. आमच्या मंडळात पण हा वाद अडकलाय.

संगमेश्वरी चाकरमानी

एका टीमला एकच जावई, आणि त्याने लग्न ठरवायच्या आधी त्याच टीमविरुद्ध फायनल खेळलेली नसावी. हे दुसरं कलम का आलं ते विचारू नका, ती फॅमिली हा धागा वाचते.