मदत हवी आहे: वेगवेगळ्या घरांतून आलेलं जुनं फर्निचर आणि बाबांचं टेबल

नमस्कार. नवीन घरात येऊन तीन महिने झाले. आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे पाच जण आहोत. दुकानातून एकसारखा सेट आणायचा नाही हे आधीच ठरलं होतं. कोण घर बदलतंय, कोणाकडे जागा पुरत नाही, अशी चौकशी करत करत एकेक वस्तू जमवली. वस्तू आल्या, जागेवर ठेवल्या, पण घर काही लागलेलं नाही. म्हणून हा धागा.

काय काय आहे ते सांगते. जेवणाचं सहा माणसांचं भक्कम लाकडी टेबल आहे, त्यावर गरम भांड्यांचे पांढरे गोल डाग आणि कडेला एक काळा डाग. खुर्च्या पाच, एकीसारखी दुसरी नाही. त्यातल्या वाकवलेल्या लाकडाच्या एका खुर्चीची वेताची बैठक खाली झोळीसारखी लोंबते. एक उंच कपाट आहे, बाहेरून हिरवा ऑइलपेंट, आतून कोरं लाकूड. उघडलं की कोंदट वास येतो आणि मागच्या पायाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसतात. ते मुलांच्या खोलीत ठेवायचा विचार आहे.

आणि बाबांचं लिहायचं टेबल. बाबा जाऊन चार वर्षं झाली, टेबल भावाकडे होतं, आता माझ्याकडे आलंय. वर शाईचे डाग आहेत. उजव्या कडेला एक खोलगट घासलेली जागा आहे, तिथे ते पेन्सिल टेकवून ब्लेडने टोक काढायचे. हे टेबल मुलीला अभ्यासाला द्यायचंय. भाऊ म्हणतो, वरून रंधा मारून घे, पॉलिश कर, नव्यासारखं होईल. मला ती खोलगट जागा जायला नको आहे. पण शाई सांडलेल्या टेबलावर मुलीला बसवणंही बरोबर वाटत नाही. शिवाय ते तिला उंच पडतं आणि नवरा पाय कापू या म्हणतोय.

सासूबाईंची काळजी वेगळीच आहे, आणि ती मला रास्त वाटते: दुसऱ्यांच्या घरातून आलेल्या वस्तूंबरोबर ढेकूण आले तर?

तर मुख्य प्रश्न असा की हे सगळं एका घराचं वाटावं म्हणून काय करू? सगळ्याला एकच रंग द्यावा का? बाबांच्या टेबलाबद्दल तर जरूर सांगा.

रंधा:
ताई, आधी कपाट. बाकीचं थांबू शकतं, ते नाही.

ती भोकं म्हणजे किडा बाहेर पडल्याची वाट. त्याच्या अळ्या लाकडाच्या आत राहून पोखरत असतात, कधी कधी काही वर्षं, आणि बाहेरून काहीच कळत नाही. त्यामुळे भोकं नुसती लांबीने बुजवू नका. कपाट पुसून घ्या, पायाखाली काळा कागद पसरा आणि आठ-दहा दिवस हलवू नका. कागदावर पिठासारखा ताजा भुसा पडला तर किडा जिवंत आहे. काहीच पडलं नाही तर बहुतेक जुनं प्रकरण आहे, पण पुढचा एक उन्हाळा लक्ष ठेवा.

भुसा पडलाच तर बोरॉनचं औषध लावतात, बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिड पाण्यात विरघळवून. ते लाकडात मुरावं लागतं, रंगावरून लावलं तर आत जाणार नाही. तुमचं कपाट आतून कोरं आहे हे बरं झालं. आतून, मागून, पायांच्या बुडाशी दोन-तीन हात भरपूर लावा. ओलं असेपर्यंत मुलांना लांब ठेवा. पूर्ण वाळल्याशिवाय रंग नको.

आता हिरवा रंग. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे शिशाचं कोणतंही प्रमाण निर्धोक म्हणून माहीत नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सर्वांत जास्त धोका असतो. घरात चार वर्षांचं मूल आहे. त्या रंगावर कोरडा पॉलिशपेपर मारायचा नाही, गरम हवेच्या यंत्राने रंग सोलायचा नाही. रंग घट्ट असेल तर ओला पॉलिशपेपर हलक्या हाताने फिरवा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या आणि वरून नवा रंग द्या. पोपडे सुटत असतील तर ते कपाट मुलांच्या खोलीत ठेवूच नका.

आणखी एक. उंच कपाट भिंतीला वरून पट्टीने आणि स्क्रूने बांधा. मुलं खालचे खण उघडून त्यांची शिडी करतात आणि अख्खं कपाट अंगावर येतं. हे आजच करा, रंग नंतर.

धागाकर्ती:
भिंतीला बांधायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तुमचं वाचलं आणि लगेच कपाटाची दारं दोरीने बंद केली, भिंतीच्या पट्टीसाठी उद्या माणूस येतोय. काळा कागदही पसरलाय. मनापासून आभार.

लाखरंग:
जेवणाच्या टेबलाचं बघू. पांढरा डाग म्हणजे ओल पॉलिशमध्ये अडकलेली असते, लाकूड शाबूत असतं. काळा डाग म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचलं आणि लोखंडाचा संबंध आला. दोन्हींचे उपाय वेगळे.

आधी पॉलिश कोणतं आहे ते ओळखा. टेबलाच्या खालच्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, कापसावर स्पिरिट घेऊन थोडा वेळ टेकवा. चिकट होऊन सुटायला लागलं तर ते लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे कडक कृत्रिम पॉलिश. लाखेचं निघालं तर तुम्ही नशीबवान आहात. त्यावर नवा हात जुन्या हातात मिसळून जातो, सगळं खरवडून काढावं लागत नाही.

पांढऱ्या डागावर जाड सुती फडकं ठेवून कोमट इस्त्री काही सेकंद फिरवा, उचला, बघा, पुन्हा फिरवा. वाफ नको. घाई केली तर पॉलिश फुगतं. काळ्या डागाला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड लागतं. ते विषारी आहे, हे काम कारागिराकडूनच करून घ्या. माझं विचाराल तर एक काळा डाग राहू द्या, त्यावर पाण्याचा तांब्या ठेवायची जागा ठरवून टाका.

कपाटाच्या वासालाही लाखच कामाला येईल. कपाट उन्हात दारं उघडी टाकून ठेवा, औषधाचं काम संपलं आणि लाकूड नीट वाळलं की आतून लाखेचे दोन हात द्या. वास आत कोंडला जातो.

वेतकाम:
वाकवलेल्या लाकडाची खुर्ची वाचून राहवलं नाही. 1859 मध्ये व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेटने बाजारात आणलेली 14 नंबरची खुर्ची याच जातीची. वाफेवर वाकवलेले सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढ्यात ती उभी राहते. सुट्या केल्या तर एक घनमीटरच्या खोक्यात 36 खुर्च्या मावायच्या. तुमची त्या नमुन्यावरची असेल तर बैठकीच्या खालचे स्क्रू सैल झालेत का बघा. बऱ्याचदा खुर्ची डुलते ती एवढ्यानेच.

वेत तुटलेला नसेल तर बैठक पुन्हा ताणली जाते. खुर्ची उलटी करा, गरम पाण्यात भिजवलेलं फडकं खालच्या बाजूने ठेवून वेत चांगला भिजू द्या, मग रात्रभर तशीच वाळू द्या. वरची बाजू चकचकीत असते, ती पाणी पीत नाही, म्हणून खालून. वाळताना वेत आखडतो. पूर्ण वाळेपर्यंत कोणी बसू नका, नाहीतर पुन्हा झोळी. दोन-चार पट्ट्या तुटल्या असतील तर मात्र नवीन विणकाम.

सुईदोरा:
एकच रंग देऊ नका! पाच खुर्च्या वेगळ्या दिसतात त्यात काही बिघडत नाही. खटकते ती उंची. टेबल बहुतेक 75 सेंटिमीटरच्या आसपास असेल, बैठका 45च्या आसपास हव्यात, म्हणजे मधे साधारण 30 राहतात. सगळ्या बैठका मोजा. एखादी 41 निघाली तर ती पंगतीत खड्ड्यात बसल्यासारखी दिसणार. तिला जाड गादी द्या. बैठक एका रेषेत आली की पाठीच्या आकारांचा फरक छान वाटायला लागतो. गाद्यांना एकच कापड वापरा, एवढं नातं पुरे.

ढेकणांबद्दल सासूबाईंचं बरोबर आहे. दुसऱ्यांची गादी किंवा कापडी सोफा घरात घेऊ नका. लाकडी वस्तूंचे सांधे, खणांच्या मागच्या फटी, स्क्रूची भोकं विजेरी लावून तपासा. बारीक काळे ठिपके दिसले तर वस्तू बाहेरच थांबवा. कापड असलं तर 60 अंश पाण्यात धुवायचं.

पायरी:
बाबांच्या टेबलाबद्दल थोडं वेगळं बोलते, राग मानू नका. टेबल मुलीला द्यायचंय असं तुम्ही लिहिलंत, पण सगळा मजकूर तुम्हाला काय जपायचंय याबद्दल आहे. तिला विचारलंत का? माझ्या आजीची शिवणयंत्राची पेटी मला अशीच मिळाली होती, "सांभाळून वापर" असं बजावून. मी दहा वर्षं तिच्यावर काही ठेवलंसुद्धा नाही. तिच्यावर शिवायला बसले ती पेटी मोडकळीला आल्यावर. मुलीला टेबल द्यायचं असेल तर त्यावर तिची शाई सांडायची मुभाही द्यावी लागेल.

रंधा:
पायरीताईंचं बरोबर आहे, आणि त्यासाठी टेबल घासायची गरज नाही. त्या टेबलाला रंधा लावू नका. हात फिरून फिरून आलेला रंग वरच्या पापुद्र्यात असतो, एकदा गेला की कोणी परत आणू शकत नाही. सौम्य साबणाच्या पाण्यात फडकं पिळून पुसा, लगेच कोरडं करा, मग मेणाचा हात. जवसाचं तेल लावणार असाल तर तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि चिंध्या आपोआप पेटतात. मोकळ्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पाय अजिबात कापू नका. मुलगी चार-पाच वर्षांत त्या उंचीला येईल, कापलेले पाय परत येत नाहीत. मुलीची आणि टेबलाची उंची कळवा.

धागाकर्ती:
काल तिच्याशी बोलले. उत्तर यायला वेळ लागला. मग तिने विचारलं, "मला रंगकाम करता येईल का त्याच्यावर?" मी मनात नाही म्हणत होते आणि तिला ते दिसलं. पायरीताई, तुमचं म्हणणं लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

नंतर दोघींनी मिळून खण बाहेर काढले, आत मेण लावायला. तीन खणांच्या मागे सुताराने पेन्सिलीने १, २, ३ लिहिलंय. बाबांनी ते टेबल बनवून घेतलं तेव्हाचं. मी या टेबलाशेजारी वाढले आणि मला हे माहीत नव्हतं. मुलीने विचारलं, ४ कुठाय? चौथा खण नाहीच, तिथे मोकळा कप्पा आहे. तो तिने मागून घेतला.

मुलगी 132 सेंटिमीटर, टेबल 76. काळ्या कागदावर भुसा पडलाय, अगदी ताजा. कपाट गॅलरीत हलवलंय.

रंधा:
तेवढ्या उंचीच्या मुलांना साधारण 35ची बैठक आणि 59चं टेबल लागतं. तुमचं 17ने उंच आहे. म्हणजे बैठक 17ने वर घ्या, 52 करा, आणि पायाखाली 17चा पाट द्या. पाय लोंबकळले तर मूल दहा मिनिटांत चुळबुळ करतं, म्हणून पाट आधी, खुर्ची नंतर. पाट एकसंध करू नका. फळ्या एकावर एक रचून खालून स्क्रूने आवळा. ती वाढली की एक फळी काढायची आणि खुर्चीही तेवढीच खाली घ्यायची.

रंगकामासाठी वर ठेवायला सुटा प्लाय कापून घ्या, खाली फेल्ट चिकटवा. ती घासलेली कड उघडी राहील असा, उजवीकडे चार बोटं कमी.

धागाकर्ती:
तीन आठवड्यांनी लिहितेय. कपाटाला औषधाचे तीन हात झाले, नवा भुसा अजून नाही, पण कागद काढलेला नाही. इस्त्रीने पांढरे डाग जवळजवळ गेले, काळा ठेवला. वेताची बैठक ताणली गेली, सासूबाईंनी ती खुर्ची आपली म्हणून सांगून टाकलंय. विजेरीने सांध्यांची तपासणीही त्यांनीच केली.

पाट झाला, पाच फळ्यांचा. मुलीने प्रत्येक फळीच्या कडेला रंगाने एकेक वर्ष लिहिलंय, सगळ्यांत वरच्या फळीवर पुढचं. प्लाय कापताना कड उघडी ठेवली. ती आता तिथे पेन्सिल टेकवते, टोक मात्र शार्पनरने काढते.

एक शंका राहिली. फळ्या खालून स्क्रूने आवळल्यात, पण ती पाय आपटते तेव्हा वरची हलते. लांब स्क्रू घालू की मधे लाकडी खुंट्या बसवू? खुंट्या घातल्या तर पुढच्या वर्षी फळी सहज निघेल ना?

रंधा:
खुंट्या बसवा, पण गोंद न लावता. निघेल.