जुन्या गाडीच्या रेडिएटरमधून गळती: दुरुस्ती करावी की रेडिएटर बदलावा?

प्रश्न (म्हापसा)

नमस्कार. वडिलांनी घेतलेली 1999 सालची, चार सिलिंडरची लहान पेट्रोल गाडी मी अजून वापरतो आणि ती मोडीत काढण्याची माझी मुळीच इच्छा नाही. गेल्या पंधरा दिवसांपासून सकाळी गाडीखाली बशीएवढा हिरवट डाग दिसतो. मागच्या रविवारी बेळगावला जाताना केरी मागे पडून चोर्ला घाटाची चढण लागली आणि तापमानाचा काटा लाल खुणेजवळ पोहोचला. मी लगेच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केले. तासाभराने रेडिएटरचे झाकण उघडले, तेव्हा आत सुमारे एक लिटर पाणी कमी होते. पण शेजारची प्लॅस्टिकची बाटली मात्र वरच्या खुणेपर्यंत भरलेली होती. याचा अर्थ मला लागलेला नाही.

एका मेस्त्रींनी रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाकण्यास सांगितले, तर दुसऱ्यांनी थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकू म्हणजे गाडी तापणार नाही, असे सुचवले. रेडिएटर दुरुस्त करावा की नवा घ्यावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर (फोंडा)

तुम्ही बाटलीचा उल्लेख केलात हे फार बरे झाले, कारण दोषाची खूण तिथेच आहे. इंजिन तापले की पाणी फुगते आणि झाकणातील स्प्रिंगची झडप उघडून जादा पाणी बाटलीत जाते. गाडी थंड होताना आतला दाब कमी होतो आणि दुसऱ्या लहान झडपेतून तेच पाणी रेडिएटरमध्ये परत ओढले जाते. मात्र कुठेतरी बारीक भेग असेल, तर रेडिएटर पाण्याऐवजी त्या भेगेतून हवा ओढतो आणि बाटली भरलेलीच राहते. झाकणाची लहान झडप चिकटली किंवा बाटलीकडे जाणारी नळी चिरली, तरी असेच घडते. म्हणून बाटलीकडे पाहून पाणी पुरेसे आहे असे कधीही समजू नका. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडूनच पातळी पाहा.

खर्च करण्यापूर्वी प्रेशर टेस्टरने तपासणी करून घ्या. झाकणाच्या जागी हातपंप बसवून झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब द्यायचा आणि दहा-पंधरा मिनिटे काटा उतरतो का ते पाहायचे. अनेक झाकणांवर 0.9 हा आकडा असतो (बारमध्ये, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा तेवढा जास्त); तेवढ्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा 100 ऐवजी सुमारे 118 अंश सेल्सियसला उकळते. झाकण दाब धरत नसेल, तर घाटात पाणी लवकर उकळणारच. वरचा आणि खालचा होज (रेडिएटरच्या रबरी नळ्या), त्यांचे क्लिप, वॉटर पंपाखालचे बारीक छिद्र आणि हीटर असल्यास चालकाच्या शेजारचा गालिचा, हे सगळे हाताने चाचपून पाहा. वाळलेले कूलंट (इंजिन थंड ठेवण्यासाठी पाण्यात मिसळायचे रंगीत द्रव) पांढरट-हिरवे पापुद्रे सोडते, त्यावरून माग लागतो.

उत्तर (मडगाव)

मी स्वतः दोन जुन्या गाड्या सांभाळतो, म्हणून कळकळीने सांगतो की हळद टाकू नका. बारीक छिद्र तिने काही दिवस बुजते हे खरे आहे, परंतु तोच गाळ रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत साचतो आणि पुढच्या उन्हाळ्यात गाडी गळती नसतानाही तापते. थर्मोस्टॅट काढणे तर त्याहून वाईट. आपल्याकडे थंडी नाही, मग तो हवा कशाला, असे अनेकजण म्हणतात. पण तो नसेल तर इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, पेट्रोल जास्त लागते, झीज वाढते आणि गळती तर तशीच राहते.

दुरुस्तीचे म्हणाल, तर तुमचा रेडिएटर कशाचा आहे यावर ते अवलंबून आहे. तांबे-पितळेचा असेल तर चांगला कारागीर तो झाळून देतो आणि ते काम वर्षानुवर्षे टिकते. ॲल्युमिनियमची जाळी आणि तिच्या कडा वळवून बसवलेल्या प्लॅस्टिकच्या टाक्या असतील, तर जुने प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते आणि त्यावर लावलेला एपॉक्सी लेप घाटात दगा देतो. अशा वेळी नवाच घ्या.

काटा लाल खुणेजवळ गेला होता, म्हणून हेड गॅस्केटही (इंजिनच्या वरच्या भागाखालचा, पाणी-ऑइल वेगळे ठेवणारा सांधा) तपासा. थंड इंजिन झाकण उघडे ठेवून सुरू केल्यावर सतत बुडबुडे येत असतील, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर असेल किंवा इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर निघत असेल, तर नुसता रेडिएटर बदलून भागणार नाही.

उत्तर (बाणावली)

एक विनंती आहे. तो हिरवा डाग रोज पाण्याने धुऊन काढा. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते, कुत्री-मांजरे ते चाटतात आणि थोड्या प्रमाणातही ते त्यांच्या जिवावर बेतते. काढलेले कूलंट विहिरीजवळ तर ओतूच नये.

प्रश्नकर्ता (म्हापसा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल तपासणी करून घेतली. दाब देताच वरच्या प्लॅस्टिकच्या टाकीच्या सांध्यातून बारीक धार दिसली आणि झाकणाचे रबरही कडक झालेले निघाले. बुडबुडे किंवा दुधाळ थर आढळला नाही, त्यामुळे मोठा घोर मिटला. नवा रेडिएटर, नवे झाकण आणि दोन्ही होज बसवले. थर्मोस्टॅट जागेवरच ठेवला. आजवर आम्ही कूलंटमध्ये विहिरीचेच पाणी मिसळत आलो होतो आणि जुन्या नळ्यांत त्याच्या क्षारांचा तांबूस थर दिसला, म्हणून या वेळी कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे घातले. आज सकाळी अंगण कोरडे होते. आठवडाभर रोज थंड इंजिनावर पातळी पाहणार आहे आणि ती उतरली नाही, तरच चोर्ला घाट चढेन.