अनुभव धागा: समाजवादी आणि स्त्रीवादी विचार तुमच्या घरी कसे आले?

रानजाई
घरकामगार बायकांच्या भरपगारी सुटीवरून आमच्या सोसायटीच्या सभेत परवा वाद झाला आणि लालबागला खानावळ चालवणारी माझी आजी आठवली. बायकामुले कोकणात किंवा घाटावर ठेवून गावकीच्या खोल्यांत राहणाऱ्या गिरणी कामगारांना ती पाळ्या सांभाळून दोन वेळ जेवू घालत असे आणि हिशेब पगाराच्या दिवशी होत असे. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, पगार थांबले, तरी तिने कोणाचे ताट बंद केले नाही. वाण्याची उधारी मात्र तिच्याच नावावर चढत गेली. गेटसभांतली भाषणे लोकांना आजही पाठ आहेत, पण ज्या चुलीवर तो संप तगला ती चूल कामगार चळवळीने कधी श्रम म्हणून मोजली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. माझा समाजवाद आणि स्त्रीवाद दोन्ही त्या उधारीच्या वहीतून आले. आपले अनुभव लिहावेत.

तिसरी पाळी
अगदीच मोजली नाही असे नव्हे. कम्युनिस्ट चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, ते याच खानावळवाल्यांसाठी. सावकाराच्या व्याजातून सोडवून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून देणे हे त्यातले मोठे काम होते. उधारी पुढे फिटली का?

रानजाई
काही फिटली. जे गावी गेले ते परतलेच नाहीत.

शेवंता
आमचे वडील समाजवादी विचारांच्या राष्ट्र सेवा दलाचे. श्रमदानात उत्साहाने खड्डे खणणार, पण घरी स्वतःचे ताट उचलणार नाहीत. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर, म्हणजे एक समाजवादी आणि एक कम्युनिस्ट, महागाईविरुद्ध एकत्र आल्या तेव्हा आई लाटणे घेऊन मोर्चाला गेली आणि वडिलांनी पहिल्यांदा पिठले केले. ते करपले होते, असे आई फार आनंदाने सांगते.

घाटावरचा
आमच्याकडे विचार पुस्तकातून नव्हे, रोजगार हमीच्या हजेरीपटावरून आला. शेतावर बाईला गड्यापेक्षा कमी मजुरी हा रिवाजच होता. हमीच्या कामावर मात्र खडी मापून पैसे मिळत आणि दर दोघांना एकच असे. त्यानंतर आई शेतमालकाशी मजुरीवरून वाद घालू लागली.

नावडतीचे मीठ
रानजाई, आजींच्या कष्टांबद्दल आदर ठेवूनच विचारतो. खानावळ हा धंदाही होता. भाकऱ्या थापायला, भांडी घासायला हाताखाली कोणी असेलच. तिला काय मिळत असे?

रानजाई
होती, नात्यातलीच एक मुलगी होती. तिला राहणे, जेवण आणि दिवाळीला एक साडी मिळत असे. रोख पैसे दिल्याचे मी कधी ऐकले नाही आणि नात्यातली असल्यामुळे तो विषय घरात निघतही नसे.