मदत हवी आहे: खडकातली काळी रेघ भूकंपाचीच आहे हे ओळखायचं कसं?

मंडळी नमस्कार, मी धुळ्याचा, एमएस्सी जिऑलॉजीला आहे, पुढच्या आठवड्यात सेमिनार आणि विषय घेऊन बसलोय सबडक्शन झोनमधले, म्हणजे भूकवचाची एक प्लेट दुसरीखाली घुसते तिथले, जुने भूकंप. जपानच्या शिमांतो पट्ट्यात, म्हणजे अशाच जुन्या सबडक्शन झोनमधून वर आलेल्या भागात, खडकांत बारीक काळ्या शिरा सापडल्यात, स्यूडोटॅकिलाइट म्हणतात त्याला, म्हणजे भूकंपात फॉल्ट (खडकातली सरकणारी भेग) सेकंदाला मीटरभर वेगाने सरकला की घर्षणाने खडक वितळतो अन् लगेच थिजून त्याची काच होते. एरवी प्लेट वर्षाला काही सेंटीमीटरच सरकते, त्या वेगात कुठलं वितळायला! इथपर्यंत डोक्यात बसलं.

अडलंय पुढे. नुसता बारीक दळला गेलेला खडकही तसाच काळा दिसतो ना भो. आपले डोळे डाइकला, म्हणजे खडकातल्या उभ्या काळ्या भिंतींना, सरावलेले, नंदुरबारकडे रांगाच्या रांगा आहेत, पण तो तर खालून आलेला मॅग्मा. मग मायक्रोस्कोपखाली नेमकं काय शोधू? कडा वितळून गोलसर झालेले क्वार्ट्झचे कण, मायक्रोलाइट (वितळलेला खडक थिजताना झालेले अतिबारीक स्फटिक), शिरेच्या काठाला पटकन गार झाल्याची किनार, एवढं पुरे का? आणि लाखो वर्षांत काचेची चिकणमाती झाली असेल तर?

सरांना विचारलं तर म्हणे वाच. कोणी स्वतः याचं थिन सेक्शन (मायक्रोस्कोपसाठी घासून पातळ केलेला खडकाचा काप) पाहिलं असेल तर सांगा राव, फोटो असला तर शेवभाजी माझ्याकडून.