मदत हवी आहे: गॅस बॉयलरला कंडेन्सिंग इकॉनॉमायझर घ्यावा की साधाच?

नमस्कार मंडळी,

तारापूर एमआयडीसीत कापड रंगवण्याच्या युनिटमध्ये युटिलिटी सांभाळतो. ३ टनी (ताशी ३ टन वाफ देणारा), तीन पासचा (गरम धूर आतून तीनदा फिरवणारा) गॅस बॉयलर आहे, प्रेशर १० किलोच्या (प्रति चौरस सेंमी) आसपास. लोडवर चिमणीतला धूर २२० अंशांवर जातो. गॅसचं बिल बघून मालकांनी वेस्ट हीट रिकव्हरीचा, म्हणजे वाया जाणारी उष्णता परत वापरण्याचा धोशा लावलाय. इकॉनॉमायझर म्हणजे चिमणीतल्या धुराच्या उष्णतेवर पाणी तापवणारा नळ्यांचा संच; कंडेन्सिंगवाला धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता घेतो.

एक पुरवठादार कंडेन्सिंग इकॉनॉमायझर घ्या म्हणतो, १० टक्के गॅस वाचेल. माझं घोडं इथेच अडलंय. मिथेन जळताना घनमीटरमागे दीड किलोहून थोडं जास्त पाणी वाफ होऊन चिमणीतून जातं, आणि गॅसच्या ग्रॉस उष्मांकातला (जळून मिळणाऱ्या एकूण उष्णतेतला) साधारण १० टक्के वाटा त्या वाफेत असतो, हे मान्य. पण तो मिळवायला धूर ५५-५७ अंशांच्या (ड्यू पॉइंट, जिथे वाफेचं पाणी होऊ लागतं) खाली उतरायला हवा. कंडेन्सेट (वापरलेल्या वाफेचं गरम पाणी) परत येत असल्याने आमच्या फीड टँकचं, म्हणजे बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या टाकीचं पाणीच ८० अंशांवर असतं. मग काय कंडेन्स होणार, कपाळ? विचारलं की साहेब ब्रोशर पुढे सरकवतात.

साधा इकॉनॉमायझर लावून धूर १३० वर आणला, तर २२ अंशांना एक टक्का या ठोकताळ्याने ४ टक्के गॅस वाचतो. पण फीड पंप ऑन-ऑफ आहे. पंप बंद आणि बर्नर चालू असताना नळ्यांत थांबलेल्या पाण्याची वाफ होऊन हॅमरिंग (नळ्यांत दणके बसणं) होईल ना?

शिवाय जेट मशीनचं (कापड रंगवायच्या यंत्राचं) सॉफ्ट (क्षार काढलेलं) पाणी आम्ही ३० वरून ६० अंशांपर्यंत वाफेनेच तापवतो. कंडेन्सिंगचा टप्पा त्या पाण्यावर घेतला तर? असं कोणी चालवलंय का? चिमणी एमएसची (साध्या पोलादाची) आहे.

प्रतिसाद

दादा, जेटच्या पाण्याचंच धरा. फीडवर साधा इको, त्यापुढे स्टेनलेसचा दुसरा टप्पा सॉफ्ट पाण्यावर. ठिबकणारं पाणी आम्लधर्मी असतं, एमएसची चिमणी खाऊन टाकेल. आत स्टेनलेसची नळी आणि खाली ड्रेन हवाच. हॅमरिंगची भीती खरी आहे. फीडला मॉड्युलेटिंग व्हॉल्व्ह (गरजेप्रमाणे कमी-जास्त उघडणारा) बसवा, पंप सतत चालू ठेवा. फीडवरचा इको आयबीआरमध्ये (भारतीय बॉयलर नियमांत) येतो, ड्रॉइंग मंजूर झाल्याशिवाय वेल्डरला बोलावू नका.

त्याआधी एक सांगा, धुरात ऑक्सिजन किती? ३ टक्क्यांच्या फार वर असेल तर आधी बर्नर ट्यून करा. जादा हवेने ड्यू पॉइंटही खाली जातो, म्हणजे कंडेन्सिंग आणखी अवघड.

धागाकर्ता

आभार! ऑक्सिजन साडेसहाच्या आसपास दिसतोय, बर्नरवाल्याला बोलावतो. आता अडचण वेळेची: जेटला पाणी एकदम लागतं आणि मग तासभर काहीच नाही. मधे इन्सुलेटेड टाकी ठेवायची तर ती एका बॅचची पुरते की दोन बॅचची लागेल?