ओबामा आणि रेव्हरंड राइट : नाते नेमके कशामुळे तुटले?

घाटवाट (धागाकर्ता) :

बराक ओबामा यांच्या २००८च्या उमेदवारीचा विषय निघाला, की त्यांचे फिलाडेल्फियातील वंशविषयक भाषण हमखास आठवले जाते. ज्यांच्यामुळे ते भाषण करण्याची वेळ आली, ते रेव्हरंड जेरेमाया राइट मात्र तळटीपेत जाऊन बसतात. माझ्या मते या प्रकरणात राइट यांच्या प्रवचनांपेक्षा अधिक तपासण्यासारखी आहेत ती ओबामांनी त्यांच्याविषयी सहा आठवड्यांच्या अंतराने केलेली दोन निवेदने.

घटनाक्रम थोडक्यात सांगतो. राइट हे १९७२पासून शिकागोच्या दक्षिण भागातील ट्रिनिटी युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टचे प्रमुख धर्मोपदेशक होते. ओबामांचे लग्न १९९२ साली त्यांनीच लावले, दोन्ही मुलींचा बाप्तिस्मा त्याच चर्चमध्ये झाला आणि ओबामांच्या दुसऱ्या पुस्तकाचे नावही राइट यांच्या एका प्रवचनावरून आलेले आहे. १३ मार्च २००८ रोजी एबीसी वाहिनीने जुन्या प्रवचनांतील काही तुकडे दाखवले. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी राइट यांनी अमेरिकेने जे पेरले तेच उगवले, अशा आशयाचे विधान केले होते. एप्रिल २००३मधील प्रवचनात तर, आपल्याच नागरिकांना माणसापेक्षा हीन लेखणाऱ्या अमेरिकेला देव शाप देवो, इथपर्यंत ते गेले होते.

१४ मार्चला ओबामांनी सांगितले, की वादाला कारण ठरलेली विधाने आपण चर्चमध्ये बसून ऐकलेली नाहीत. १८ मार्चला फिलाडेल्फियात त्यांनी हे मान्य केले, की वादग्रस्त म्हणता येतील अशी विधाने आपल्या कानांवर तेथे पडलेली आहेत. विधानांचा त्यांनी निषेध केला, पण माणसाला अंतर द्यायला नकार दिला. कृष्णवर्णीय समाजाला मी जसा नाकारू शकत नाही आणि रस्त्यात शेजारून जाणाऱ्या काळ्या पुरुषांची भीती वाटते, अशी कबुली देणाऱ्या माझ्या गोऱ्या आजीला जसा नाकारू शकत नाही, तसाच राइट यांनाही नाही, असे ते म्हणाले. २८ एप्रिलला राइट वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये बोलले आणि दुसऱ्याच दिवशी, डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी नॉर्थ कॅरोलायना व इंडियाना येथे होणाऱ्या मतदानाला जेमतेम आठवडा उरलेला असताना, ओबामांनी विन्स्टन-सेलम येथे त्यांच्याशी असलेले नाते तोडले.

या सहा आठवड्यांत राइट यांचे कोणते मत बदलले होते? एकही नाही. एड्सच्या विषाणूमागे सरकारचा हात असल्याचा आरोप २००३च्या प्रवचनातही होता. प्रेस क्लबमध्ये नवीन होते ते एवढेच, की ओबामा राजकारणी आहेत आणि राजकारण्याला जे बोलावे लागते तेच ते बोलतात, हे राइट यांनी चारचौघांत सांगितले. देशाला शाप दिला तेव्हा टिकलेले नाते उमेदवाराच्या सचोटीवर बोट ठेवताच तुटले, असाच याचा अर्थ मला लागतो. ज्यांना तो वेगळा लागतो त्यांनी कारणांसह लिहावे.

कृष्णाकाठ :

मांडणी मुद्देसूद आहे; निष्कर्ष मात्र पटला नाही. मार्चमध्ये जनतेसमोर होते ते चाळीस-चाळीस मिनिटांच्या प्रवचनांतून उचललेले काही सेकंदांचे तुकडे. ज्याच्याशी वीस वर्षांचा परिचय आहे, त्याच्या अशा तुकड्यांवरून त्याला सोडून देणे हे कोणत्याही सभ्य माणसाला अवघड जाईल. एप्रिलच्या अखेरीस परिस्थिती निराळी होती. राइट यांना आधी दूरचित्रवाणीवर बिल मोयर्स यांची सविस्तर मुलाखत मिळाली, मग डेट्रॉइटमध्ये मोठी सभा मिळाली आणि शेवटी राष्ट्रीय पत्रकारांसमोरचे व्यासपीठ मिळाले. संदर्भ तोडल्याची तक्रार करायला आता जागा नव्हती. तेथे त्यांनी एड्सविषयीच्या आरोपावर पाणी सोडले नाही आणि ज्यूविरोधी विधानांमुळे वादग्रस्त ठरलेले 'नेशन ऑफ इस्लाम'चे नेते लुई फराखान यांची थोरवी वर गायिली. मार्चमध्ये ओबामांनी त्यांना संशयाचा फायदा दिला होता. एप्रिलमध्ये संशयच उरला नाही. यात विसंगती कोठे आहे?

मृण्मयी_क :

मूळ प्रवचने कोणी पूर्ण वाचली आहेत का, हा प्रश्न दोघांनाही विचारावासा वाटतो. १६ सप्टेंबर २००१चे प्रवचन १३७व्या स्तोत्रावर आहे. बाबेलच्या नद्यांकाठी रडणाऱ्या बंदिवानांचे ते स्तोत्र आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळींना चांगले परिचयाचे आहे; त्याचा शेवट मात्र शत्रूची तान्ही मुले खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणण्यात होतो आणि तो सहसा वाचला जात नाही. राइट यांनी नेमका तोच शेवट घेतला. शस्त्रधारी शत्रूविषयीचा द्वेष निःशस्त्र निरपराधांवर कसा वळतो, हे दाखवून सूड टाळण्याचा आणि आत्मपरीक्षणाचा इशारा त्यांनी दिला. जे वाक्य सर्वाधिक वेळा दाखवले गेले, तेही त्यांनी फॉक्स वाहिनीवर माजी राजदूत एडवर्ड पेक यांना ऐकल्याचा हवाला देऊनच उच्चारले होते. प्रवचन वाहिन्यांवर आले तेव्हा त्यातून इशारा गळला आणि उरला तो केवळ संताप.

राष्ट्राच्या पापाबद्दल देव राष्ट्राला शिक्षा करतो, हा विचारही राइट यांचा शोध नव्हे. ४ मार्च १८६५ रोजी लिंकन यांनी दुसऱ्यांदा शपथ घेताना काय सांगितले? यादवी युद्ध ही गुलामगिरीच्या अपराधाची दैवी शिक्षा असू शकते आणि आसुडाने काढलेल्या रक्ताच्या प्रत्येक थेंबाची भरपाई तलवारीने काढलेल्या थेंबाने होईपर्यंत ते चालू राहिले, तरी देवाचा न्याय यथार्थच म्हणावा लागेल. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' ज्या अमेरिकनांना अर्पण केले, ते दास्यविमोचनासाठी झटणारे लोक याच भाषेत वाढलेले होते. गोऱ्या अध्यक्षाच्या तोंडी जी भाषा स्मारकाच्या दगडावर कोरली जाते, ती काळ्या धर्मोपदेशकाच्या तोंडी आली, की देशद्रोह ठरते; धाग्यात चर्चा व्हायला हवी ती याची.

सडेतोड :

मृण्मयीताई, लिंकन यांचे नाव आपण घेतलेत ते बरे झाले, कारण फरक तेथेच दिसतो. त्या भाषणात शिक्षा उत्तर आणि दक्षिण दोघांच्याही वाट्याला येते; बोलणारा स्वतःला अपराध्यांतून वगळत नाही, आणि शेवट कोणाविषयीही आकस न ठेवण्याच्या आवाहनाने होतो. राइट यांच्या २००३च्या प्रवचनात अपराधी कायम समोरचा आहे.

दुसरे असे, की राष्ट्राला शाप देणे ही एक धार्मिक परंपरा आहे, हे घटकाभर मान्य करू. एड्सचे काय करायचे? तो आरोप काही स्तोत्रावरचे भाष्य नव्हे, ते तथ्याविषयीचे विधान आहे आणि ते खोटे आहे. टस्कीगीचा दाखला प्रत्येक वेळी दिला जातो म्हणून सांगतो. अलाबामातील त्या प्रयोगात १९३२ ते १९७२ या काळात सरकारी आरोग्यसेवेने उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यानंतरही, जाणूनबुजून उपचारांविना ठेवले. हा गुन्हा भयंकर होता. पण त्यांना रोगाची लागण सरकारने केली नव्हती. टस्कीगीमुळे सरकारी डॉक्टरांवर संशय घ्यायला कारण मिळते. विषाणू सरकारने तयार केल्याचा पुरावा त्यातून मिळत नाही. ज्या चर्चमध्ये एड्सग्रस्तांसाठी सेवाकार्य चालते, तेथल्याच व्यासपीठावरून असे सांगितले जावे, हे मला शापापेक्षा अधिक गंभीर वाटते. आणि त्या शब्दाला वजन आहे हे जाणणारा एक सुशिक्षित लोकप्रतिनिधी वर्षानुवर्षे त्या चर्चचा सभासद होता.

पक्षाच्या उमेदवारीसाठी ओबामांच्या प्रतिस्पर्धी असलेल्या हिलरी क्लिंटन त्या वेळी म्हणाल्या, की कुटुंब निवडता येत नाही, चर्च निवडता येते. त्यात त्यांचा स्वार्थ होता हे उघड आहे, परंतु आजी आणि धर्मगुरू यांना एका मापाने मोजणाऱ्या त्या वाक्याला याहून नेमके उत्तर दिले गेलेले नाही.

इलिनॉयकर :

शिकागोच्या उपनगरात अनेक वर्षे राहत असल्याने दोन गोष्टी नोंदवतो. ९५व्या रस्त्यावरच्या त्या चर्चची कल्पना इथल्या आपल्या बहुतेक मंडळींना वाहिन्यांवरूनच आहे. राइट आले तेव्हा तेथे ८७ सभासद होते. निवृत्तीच्या वेळी संख्या हजारोंच्या घरात होती. पाळणाघर, शिष्यवृत्त्या, कैद्यांसाठीचे काम, बेघरांसाठी निवारा हे सारे त्याच छपराखाली. ते ज्या संप्रदायाचा भाग आहे, तो संप्रदाय बहुतांशी गोऱ्यांचा आहे, ही गोष्टही वादात हरवली. स्वतः राइट हे मरीन आणि नौदलात सहा वर्षे सेवा केलेले गृहस्थ; अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्यावर १९६६ साली शस्त्रक्रिया झाली, तेव्हा देखभाल करणाऱ्या वैद्यकीय पथकात ते होते. १९८५ साली इथल्या वस्त्यांत संघटनेचे काम करायला आलेल्या, कोणत्याच चर्चचा नसलेल्या तरुणाला स्थानिक धर्मोपदेशकांच्या दारात जावेच लागत होते.

ओबामांच्या पहिल्या, १९९५च्या आत्मकथनात त्यांनी त्या चर्चमध्ये ऐकलेले पहिले प्रवचन आहे. फाटक्या वस्त्रांतली, जखमी स्त्री एकच तार उरलेली वीणा घेऊन बसली आहे, अशा एका चित्रावर राइट बोलत आहेत. ऐकता ऐकता ओबामांच्या डोळ्यांत पाणी येते आणि शेजारचा मुलगा त्यांच्यापुढे कागदी रुमाल धरतो. मात्र त्याच प्रवचनात गोऱ्यांच्या हव्यासाने जग चालवले जात असल्याचे वाक्यही आहे, आणि ओबामांनी ते गाळलेले नाही. त्यामुळे राइट कसे बोलतात हे ओबामांनी लपवले, असे म्हणता येत नाही. आणि त्यांना ते ठाऊक नव्हते, असेही म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट घाटवाट यांच्या बाजूने जाते. १० फेब्रुवारी २००७ रोजी स्प्रिंगफील्डमध्ये उमेदवारी जाहीर झाली, तेव्हा सुरुवातीची प्रार्थना राइट म्हणणार होते. आदल्या रात्री ते निमंत्रण मागे घेतले गेले. प्रार्थना झाली ती आतमध्ये, कुटुंबापुरती. म्हणजे तुकडे दाखवले जाण्याच्या वर्षभर आधीच धोका कोठे आहे, हे प्रचाराच्या चालकांनी ओळखलेले होते.

पुन्हा_एकदा :

ओबामांना एवढे धारेवर धरताना त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार जॉन मॅकेन यांनी काय केले, हेही पाहू या. टेक्सासचे गोरे धर्मोपदेशक जॉन हेगी यांचा पाठिंबा त्यांनी फेब्रुवारी २००८मध्ये जाहीरपणे स्वीकारला. कॅथलिक पंथाविषयीची हेगी यांची विधाने तेव्हाही सर्वांना माहीत होती. ज्यूंना पॅलेस्टाइनकडे हाकण्यासाठी देवाने हिटलरला धाडले, अशा आशयाचे त्यांचे जुने प्रवचन मे महिन्यात बाहेर आले, तेव्हा कोठे मॅकेन यांनी तो पाठिंबा नाकारला. त्यावर मॅकेन यांना गोऱ्या समाजाच्या मनोवृत्तीवर सदतीस मिनिटांचे भाषण द्यावे लागले नाही. राइट बोलले, की सारा कृष्णवर्णीय समाज आरोपीच्या पिंजऱ्यात. हेगी बोलले, की एकटे हेगी. शिवाय ओबामा छुपे मुसलमान आहेत, ही अफवा त्याच महिन्यांत जोरात होती. चर्चला जातो म्हणून दोषी आणि ख्रिस्ती नाही म्हणूनही दोषी, एकाच माणसावर एकाच वेळी!

सडेतोड :

हेगी यांच्या चर्चमध्ये मॅकेन वीस वर्षे बसलेले नव्हते. आणि न्याय करायचा तर हेही सांगा, की राइट यांचा विषय प्रचारात वापरू नये, असे मॅकेन यांनी आपल्या लोकांना बजावले होते आणि त्यावरून स्वपक्षीयांची नाराजीही ओढवून घेतली होती.

घाटवाट :

कृष्णाकाठ यांच्या युक्तिवादाला उत्तर देतो. तो या चर्चेतला सर्वांत भक्कम आहे. संशयाचा फायदा दिला होता, हे स्वतः ओबामांनीही विन्स्टन-सेलममध्ये सांगितले. पण त्या निवेदनाचा क्रम पाहा. फिलाडेल्फियातील भाषण हा राजकीय देखावा होता असे राइट यांना वाटत असेल, तर ते मला नीट ओळखत नाहीत आणि कदाचित मीही त्यांना वाटलो होतो तितका ओळखत नाही, हे आधी येते. एड्स, फराखान, अमेरिकेच्या युद्धांची दहशतवादाशी तुलना हे त्यानंतर. आधी काय बोचले, ते क्रमातून कळते.

पुन्हा_एकदा यांचा दुटप्पीपणाचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्याने माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. १९६० साली कॅथलिक असल्यावरून केनेडींना घेरले गेले, तेव्हा ह्यूस्टनमध्ये प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांसमोर उभे राहून त्यांनी, कोणताही धर्मगुरू अध्यक्षाला आदेश देणार नाही आणि अध्यक्ष तो स्वीकारणार नाही, अशी रेघ आखली. ती रेघ नंतर हलवावी लागली नाही. ओबामांनी मार्चमध्ये आखलेली रेघ एप्रिलमध्ये पुसली आणि ३१ मेला तर चर्चचे सभासदत्वच सोडले. त्याला निमित्त होते मायकल फ्लेगर या गोऱ्या कॅथलिक पाहुण्याने तेथे येऊन केलेली हिलरींची नक्कल. राइट तोवर निवृत्त झालेले होते.

कृष्णाकाठ :

केनेडींचा दाखला येथे लागू पडत नाही. त्यांना एका दूरच्या धर्मपीठापासून अंतर जाहीर करायचे होते; ज्याने आपले लग्न लावले, त्याच्यावर बोलायचे नव्हते. वाक्यांच्या क्रमाचे म्हणाल, तर आदल्याच दिवशी देशासमोर आपल्याला ढोंगी म्हटले गेले असता माणूस आधी त्याबद्दल बोलतो. म्हणून त्यानंतर सांगितलेली कारणे खोटी ठरत नाहीत.

आणि सभासदत्व सोडताना ओबामांनी दिलेले कारण आपण वगळलेत. चर्चच्या पत्रकात आजारी आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्या सभासदांची नावे छापली जात. पत्रकार ती पत्रके मिळवून त्या माणसांना फोन करत होते. शिवाय त्या व्यासपीठावरून यापुढे कोणीही काहीही बोलला, तरी ते उमेदवाराचे मत म्हणून छापले जाणार होते. त्या चर्चला पुन्हा नुसते चर्च म्हणून जगता यावे, यासाठी दुसरा कोणता मार्ग मोकळा होता, ते आपण सांगावे.