हिंगणा एमआयडीसी: शेडमधली रीडिंग वायरलेसने घ्यायची आहेत, काय वापरावं?

हिंगणा_मेंटेनन्स: नमस्कार मंडळी. आमचं फॅब्रिकेशन आणि पावडर कोटिंगचं युनिट आहे. बोअर आणि पाण्याची टाकी रस्त्यापलीकडच्या प्लॉटवर, शेडपासून साधारण ३०० मीटर. टाकीची लेव्हल, ओव्हनचं तापमान आणि कॉम्प्रेसरचं प्रेशर ऑफिसात एका स्क्रीनवर दिसावं, एवढीच गरज. रस्ता खोदणं शक्य नाही. शेडच्या आत आरएस-४८५ (सेन्सरची रीडिंग नेणारी डेटा) केबल आहे, पण ती व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमधून गेली आहे आणि रीडिंग उड्या मारतात. एक विक्रेता म्हणतो, सगळीकडे वायफाय लावून टाका. मला ते पटून नाही राहिलं. अनुभव असलेल्यांनी सांगा.

बुटीबोरीचा_इन्स्ट्रुमेंटवाला: भाऊ, आधी केबल सुधारा. शिल्डेड ट्विस्टेड पेअर घ्या, शिल्ड एकाच टोकाला अर्थ करा, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावा आणि पॉवर केबलपासून ट्रे वेगळा करा. कॉम्प्रेसर आणि ओव्हनचं काम बहुतेक इथेच संपेल.

टाकीसाठी मात्र लोरा, म्हणजे कमी विजेवर लांबपर्यंत थोडा डेटा पाठवणारा रेडिओ. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ लायसन्सशिवाय वापरता येतं, आणि ३०० मीटर म्हणजे त्याच्यासाठी काहीच नाही. ऑनलाइन स्वस्तात ९१५ वाले मॉड्यूल दिसतात, ते अमेरिकेच्या बँडचे आहेत, घेऊ नका. डब्ल्यूपीसीची (वायरलेस उपकरणांना मान्यता देणाऱ्या केंद्र सरकारच्या विभागाची) मान्यता विक्रेत्याकडून लेखी मागा. लोरावर डेटा अगदी थोडा जातो, पण टाकीची लेव्हल दर दहा मिनिटांनी मिळाली तरी पुरे.

अँटेना पॅनेलच्या बाहेर काढा. टेबलवर सगळं छान चालतं, मग लोखंडी पॅनेलचं दार लावलं की सिग्नल गायब, आणि लोक मॉड्यूल बदलत बसतात.

कळमेश्वर_आयटी: वायफायला अगदीच नाकारू नका. व्हीएफडीचा त्रास केबलला आणि पॉवर सप्लायला होतो, २.४ गिगाहर्ट्झपर्यंत तो फारसा पोचत नाही. खरी अडचण गर्दीची आहे. कामगारांचे मोबाइल, ब्लूटूथ, झिगबीची (छोट्या सेन्सरच्या रेडिओची) उपकरणं, शेजारच्या युनिटचा राउटर, सगळे त्याच पट्ट्यात. त्यात लोखंडी रॅकवरून सिग्नल परावर्तित होतो. कॅमेरा किंवा टॅबलेटसाठी ५ गिगाहर्ट्झ ठेवा, सेन्सरसाठी नको. वायरलेसहार्ट, म्हणजे कारखान्यातल्या सेन्सरसाठीचं खास वायरलेस नेटवर्क, हे रिफायनरी, केमिकल प्लांटचं काम. उत्तम आहे, पण तुमच्या तीन पॉइंटसाठी तो खर्च कशाला?

हिंगणा_मेंटेनन्स: दोघांचेही आभार. बोअरचा पंपही ऑफिसातून चालू-बंद करता येईल का?

बुटीबोरीचा_इन्स्ट्रुमेंटवाला: येईल, पण जपून. बॅटरीवरची लोरावॅन (लोरावर चालणाऱ्या नेटवर्कची) उपकरणं साधारणपणे क्लास ए ची असतात. ती स्वतः संदेश पाठवतात आणि त्यानंतर थोडा वेळच ऐकतात. तुम्ही बंदचं बटण दाबलं, तरी पुढचा संदेश येईपर्यंत पंप चालूच. बोअरवर लाइट आहेच, तर क्लास सी घ्या, ते सतत ऐकतं. ड्राय रन संरक्षण (पाणी नसेल तर पंप थांबवणारं) स्टार्टरमध्येच हवं, आणि ठरावीक वेळ सिग्नल आला नाही तर पंप आपोआप थांबला पाहिजे. ओव्हनचा ओव्हर टेम्परेचर कट-ऑफ आणि इमर्जन्सी स्टॉप वायरवरच. रेडिओवर कोणी कितीही स्वस्तात करून देतो म्हटलं तरी नाही म्हणा. तिथे माणसं उभी असतात.

वाडीची_इलेक्ट्रॉनिक्सवाली: एक राहिलं. मे महिन्यात टिनाच्या पत्र्याखालचा डबा बाहेरच्या ४५ अंशांपेक्षा कितीतरी जास्त तापतो. साधी लिथियम आयन बॅटरी तिथे लवकर खराब होते. ३.६ व्होल्टची लिथियम थायोनिल क्लोराइड घ्या, नाहीतर डबा उत्तरेच्या भिंतीला, सावलीत बसवा. टाकीवरच्या अँटेनाला सर्ज अरेस्टर (विजेच्या झटक्यापासून वाचवणारं उपकरण) पावसाळ्याआधी लावा.

हिंगणा_मेंटेनन्स: केबलचा ट्रे या आठवड्यात वेगळा करतो. लोराची चाचणी रविवारी, शेड रिकामं असताना घ्यावी म्हणतो.

बुटीबोरीचा_इन्स्ट्रुमेंटवाला: रविवारी नको. चालू शिफ्टमध्ये घ्या, क्रेन फिरत असताना, आणि मधल्या रस्त्यावर ट्रक उभे असताना.